चिमणी पाणी पिते

जुने घर बाळगणाऱ्या माणसाकडे लोक आदराने पाहतात, जुनी मोटार बाळगणाऱ्याकडे कौतुकाने. जुनी लाँच बाळगणाऱ्याकडे मात्र ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी गेली पासष्टाहून अधिक वर्षे ओळखून आहे. तीत थोडी कीव असते, थोडा संशय असतो आणि या माणसाला घरचे कोणी समजावत कसे नाहीत, हे आश्चर्यही असते. “अजून चालते?” हा पहिला प्रश्न. “आतापर्यंत किती घातलेत हो तिच्यात?” हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी आनंदाने देतो. दुसऱ्याचे देण्यापूर्वी सौ. आसपास नाही ना, ते पाहून घ्यावे लागते. कारण तिचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा मोठा असतो आणि, कबूल करायला हवे, अधिक खराही.

ही लाँच आम्ही विकत घेतली नाही. ती उधारीत आली. लोकांना उधारीपोटी शेत मिळते, म्हैस मिळते, फार तर एखादी सोन्याची आंगठी मिळते. आमच्या अण्णांना 1959 साली सव्वीस फुटांची सागवानी लाँच मिळाली. अण्णांचा चिपळूणला कौलांचा व्यापार होता. मंगळुरी कौले समुद्रातून यायची आणि वाशिष्ठीच्या खाडीने गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. तिथल्या एका गिऱ्हाइकाचे देणे थकले. त्याने हात जोडून सांगितले की, पैसे नाहीत, पण धक्क्याला बांधली आहे ती घेऊन जा. अण्णा कौले मोजायला गेले होते ते लाँचचे मालक होऊन परतले. आईने दारातच विचारले, “ठेवणार कुठे?” हा प्रश्न आमच्या घरात तेव्हापासून अनुत्तरित आहे.

आज चिपळूणला जाणाऱ्याला रेल्वे आहे, महामार्ग आहे. माझ्या लहानपणी मुंबईहून कोकणात यायचे म्हणजे बोटीने. ‘रोहिणी’, ‘चंपावती’ ही नावे आमच्या घरात आत्या-मावशीच्या नावांसारखी घेतली जात. दाभोळला बोट सोडायची आणि मग लहान लाँचने, भरतीचा हिशेब धरून, खाडीतून आत गोवळकोटपर्यंत. दाभोळच्या धक्क्याजवळची ती जुनी दगडी मशीद मागे पडली की दोन्ही काठांना डोंगर जवळ येत, पाणी हळूहळू खारट हिरव्याचे मातकट होई आणि चार-पाच तासांनी गोवळकोटची टेकडी दिसे. लाँच म्हणजे आमची शेवटची पायरी होती. 1947 च्या जुलैत ‘रामदास’ बुडाली, तेव्हापासून आई बोट म्हटले की पदर सावरून देवाचे नाव घेई. खाडीतल्या लाँचला मात्र ती भीत नसे. “खाडीत दोन्हीकडे काठ दिसतो,” म्हणायची.

आमच्या लाँचच्या नाळेवर कधीकाळी एक भारदस्त इंग्रजी नाव रंगवलेले होते; त्यातली तीन अक्षरे उरली होती. अण्णांनी नवे नाव ठेवायचा विचार केला, पण त्याआधीच धक्क्यावरच्या पोरांनी बारसे उरकले होते. ती रॉकेलवर चाले आणि रॉकेलसारखाच तिला वास येई, म्हणून ती ‘चिमणी’. आमच्याकडे रॉकेलच्या बिनकाचेच्या दिव्याला चिमणीच म्हणतात. पाखराचा यात काही संबंध नव्हता. तो मागाहून माझ्या नातीने जोडला.

आता या रॉकेलविषयी थोडे सांगायला हवे. ज्यांना यंत्राचा कंटाळा असेल त्यांनी एक परिच्छेद गाळावा. आमच्या घरातले सगळे गाळतात. चिमणीचे इंजिन ‘केल्विन’, ग्लासगोचे. तिथल्या वॉल्टर बर्जियस नावाच्या गृहस्थाने 1904 मध्ये केल्विन नावाच्या मोटारगाड्या बनवायला घेतल्या. गाड्या काही फारशा खपल्या नाहीत. तेव्हा 1906 मध्ये त्याने गाडीचे इंजिन एका वल्ह्याच्या होडीत बसवून पाहिले. गाडी रस्त्यावर चालली नव्हती, इंजिन पाण्यात चालले. आणि पुढे कितीतरी कोळ्यांच्या होड्यांत ते जाऊन बसले. हे इंजिन सुरू करायचे पेट्रोलवर. डोक्यावरच्या पितळी वाट्यांत दोन-दोन थेंब पेट्रोल सोडायचे, हँडल घालायचे आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून वर ओढायचे. अंगठा पलीकडे घातलात आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा गेला. दहा मिनिटे पेट्रोलवर चालून अंग तापले की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचे. ते आपल्याच धुराच्या उष्णतेने रॉकेलची वाफ करते आणि तीच जाळते. धक्का जवळ आला की पुन्हा तोटी फिरवून पाच मिनिटे पेट्रोल, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या घासाला रुसत नाही. झोपण्यापूर्वी मुलाला चूळ भरायला लावावी, तसे हे. एकूण काय, जाण्याआधी दहा मिनिटे आणि पोहोचण्याआधी पाच मिनिटे त्याच्यासाठी द्यावी लागतात. मधल्या वेळात ते तुमच्याकडे काही मागत नाही. अशी माणसे मला आवडतात.

अण्णांनी लाँच धंद्याला लावली. करंजेश्वरीच्या शिमग्याला पाहुणे आण, मालदोलीला तांदळाची पोती ने, एखादी बाळंतीण दवाखान्यात पोहोचव. पैसे फारसे मिळाले नाहीत. आशीर्वाद पुष्कळ मिळाले, आणि ते रॉकेलच्या दुकानात चालत नाहीत. 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सारे घर अंगणात येऊन उभे राहिले, कौले घसरत होती, आणि अण्णा दिसेनात. ते कंदील घेऊन खाडीवर गेले होते. लाँच पाण्यात शांत होती. आईने ही गोष्ट शेवटपर्यंत विसरली नाही आणि कोणाला विसरू दिली नाही.

पुढे एस.टी. गावोगाव पोहोचली, रस्ते झाले, आणि 1973 नंतर जगभर तेल भडकले तशी रॉकेलची रांग लागली. घरची चूल की खाडीतली चिमणी, असा प्रश्न आला. अण्णांनी केल्विन उचलून घरी आणले आणि जागी शेतावर पाणी ओढायचे एक डिझेल इंजिन बसवून घेतले. ते इमानी होते, पण त्याच्या एकुलत्या सिलिंडरचा ठोका असा की पुढे बसलेल्या माणसाचे दात वाजत. लाकडाच्या सांध्यांना हे मानवत नाही. खिळे हलले, फटी सुटल्या. इकडे केल्विन आमच्या पडवीत गोणपाट पांघरून बसले. त्याच्यावर सौ.चे पापड वाळत. मी शाळेत शास्त्र शिकवीत असे. दर वर्षी नववीची पोरे घरी आणून, पापड बाजूला करून, चार स्ट्रोक समजावीत असे. माझ्या विद्यार्थ्यांना अजून सिलिंडर म्हटले की उडदाचा वास येतो.

1981 मध्ये अण्णा गेले. वाटणीच्या वेळी घर, दुकान, आंब्याची कलमे यांवर जे बोलायचे ते बोलून झाले. चिमणीचे नाव निघाले तेव्हा तिघे भाऊ प्रथमच एकमेकांना “तूच घे, तूच घे” म्हणाले. माझ्या घेण्यात मोठेपणा नव्हता. मला ती हवीच होती. ती तेव्हा गोवळकोटला आंब्याखाली टेकूंवर उभी होती, आणि तिच्या तळाच्या दोन फळ्यांतून पलीकडचे गवत दिसत होते.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती माझी नाही, मिस्त्रींची आहे. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. खाडीवर सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. लुंगी, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. ही पेन्सिल मी त्यांना वापरताना कधी पाहिली नाही. ते लाकडाला बोटाने मापत. पहिल्या दिवशी त्यांनी मोगरीने सबंध लाँच ठोकून काढली, नाळेपासून सुकाणूपर्यंत, दोन्ही अंगांनी, कान लावून. जिथे आवाज खणखणीत तिथे काही नाही, जिथे भद्द, तिथे खडूची फुली. सव्वीस फुटांत एकेचाळीस फुल्या झाल्या. मी म्हटले, “मग उरले काय?” ते म्हणाले, “मास्तर, कणा हाय. कणा हाय तर बाकीचं लाकूड म्हंजे कपडा.”

कपडा शिवायला पाच वर्षे लागली, 1986 ते 1991. मास्तराच्या पगारात दर वर्षी सात-आठ फळ्याच होतात. नवा साग परवडेना आणि मिस्त्रींना पसंतही पडेना. “ओला हाय, अजून जंगलातच हाय मनानं,” म्हणत. तेव्हा आमच्या चुलत्यांचा जुना वाडा पाडायला निघाला. त्याच्या तुळया शंभर वर्षे मुरलेल्या. त्या कापून फळ्या काढल्या, खालून जाळ घालून आणि वरून पाणी शिंपून त्यांना वाक दिला, आणि ज्या तुळईला माझा पाळणा टांगला होता ती चिमणीच्या डाव्या कुशीत जाऊन बसली. चुलते रोज पाहायला येत. वाडा पडल्याचे दुःख त्यांना त्या फळ्या बसताना पाहून कमी झाले की वाढले, हे मला सांगता येणार नाही. पण ते येत, आणि जाताना त्या फळीवर हात ठेवून जात.

फळ्या बसल्या की फटी भरायच्या. कापसाची सैल वात वळायची, बोथट छिन्नीने सांध्यात घालायची, मोगरीने ठोकायची. फार ठोकली तर फळी सुटते, कमी ठोकली तर वात सुटते. किती ठोकायची हे पुस्तकात नाही. मिस्त्रींच्या मोगरीचा आवाज ऐकून पलीकडच्या काठावरची माणसे सांगत की वात बसली. मग राळ आणि तेल एकत्र उकळून वरून भरायचे. राळ म्हणजे देवळात धूप म्हणून जाळतात तीच. तेव्हा गोवळकोटला महिनाभर आरतीच्या वेळेसारखा वास दरवळत असे. आतल्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल. ते हाताला लागले तर कातडी सोलून निघते, म्हणून लाकूड खाणारा किडा त्याच्या वाटेला जात नाही.

या किड्याच्या बाबतीत आमची खाडी आम्हाला पावली आहे. समुद्राच्या पाण्यात एक अळीसारखा जीव असतो, तो लाकडात शिरतो आणि वरून काही दिसू न देता आतले सगळे पोखरतो. त्याला गोडे पाणी सोसत नाही. 1962 पासून कोयनेचे पाणी वीज करून झाल्यावर खाली वाशिष्ठीत येते, आणि गोवळकोटला बांधलेल्या होडीला बारा महिने थोडेबहुत गोडे पाणी लागते. उलट पावसाचे पाणी वरून लाकडात मुरले की लाकूड कुजते, आणि खारे पाणी त्याला टिकवते. म्हणून पावसाळ्यापूर्वी लाँच वर ओढून झापांनी शाकारताना मिस्त्री कोपऱ्याकोपऱ्यांत मिठाच्या मुठी टाकीत. वरून खारे, खालून गोडे. लोणच्याची बरणी आणि लाँच यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे.

दुसरी एक गोष्ट ते पावसाळ्यापूर्वी करीत. लाँच टेकूंवर चढली, शाकारून झाली की तिच्या नाळेला जाड दोर बांधून ते तो आंब्याच्या बुंध्याला आवळीत. जमिनीवर उभ्या लाँचला दोर! धक्क्यावरची पोरे हसत. मीही एकदा विचारले. ते म्हणाले, “जमिनीवरच्या होडीला दोर नको, असं कुनी सांगितलान? पाणी काय विचारून येतंय?”

केल्विनची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाही तर संपादक कात्री लावतील. पापडांखालून ते काढले 1996 मध्ये. मॅग्नेटो गेला होता, तो मुंबईच्या चोर बाजारात एका पंख्याच्या ढिगाखाली मिळाला. दुकानदाराला ते काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि मी सांगितले नाही. पिस्टनच्या रिंगा आणि तांब्याचे पत्रे यांसाठी नागदेवी स्ट्रीटवर किती खेपा झाल्या, ते सौ.च्या वहीत आहे. दोन वर्षे गेली. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली. सारे चिपळूण स्टेशनवर होते. त्याच आठवड्यात गोवळकोटला मी, मिस्त्री आणि त्यांचा मुलगा असे तिघेच जण होतो. चौथ्या हँडलला केल्विन बोलले. चोवीस वर्षे गप्प बसलेला माणूस पहिल्याने खोकतो, तसे खोकले, पांढरा धूर सोडला आणि मग लागले. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली आणि पुन्हा ठेवली.

2003 मध्ये मिस्त्री गेले. त्यांच्या मुलाने काम सांभाळले, पण गावोगाव लाकडी होड्या कमी होत गेल्या. फायबरच्या आल्या. हलक्या, स्वस्त, दर वर्षी वात-राळ नको. कोळ्यांना मी दोष देणार नाही. पोट ज्या होडीवर चालते ती होडी खर्चाची नको. मिस्त्रींचा नातू फायबरच्या कारखान्यात लागला. आजोबांची हत्यारे घरात पेटीत.

मग 2021 ची 22 जुलै आली. त्या दिवशी चिपळूणवर काय गुजरले ते सगळ्यांनी पाहिले-वाचले आहे. आम्ही माडीवर होतो. खाली पुरुषभर पाणी. माझी पुस्तके, सौ.चे लोणच्याचे पिंप, शाळेतली पन्नास वर्षांची छायाचित्रे त्या पाण्यात फिरत होती. चिमणीची आठवण मला झाली नाही असे नाही, पण ती बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. अण्णांच्या कंदिलाची गोष्ट या घरात अजून जिवंत आहे. तिसऱ्या दिवशी गुडघाभर चिखल तुडवीत मिस्त्रींचा मुलगा आला. आधी आम्हाला सगळ्यांना मोजले, पाणी मागून प्यायला आणि मग म्हणाला, “मास्तर, ती हाय.”

टेकू वाहून गेले होते. झाप, वासे, सगळे गेले होते. पाण्याने चिमणीला उचलले, फिरवले, आणि पाणी उतरले तेव्हा ती दहा पावले पलीकडे आंब्याला कुशी लावून बसली होती. नाळेला दोर होता. जून महिन्यात तो मुलाने बांधला होता, बापाने बांधलेला पाहिला होता म्हणून. आंब्याची साल दोराने हातभर सोलून निघाली होती. ती खूण आजही आहे.

तळाच्या दोन फळ्या फुटल्या, नाळ चिरली, इंजिनात चिखल. त्या वर्षी एक हॉटेलवाले आले. आपल्याकडे हल्ली खाडीवर मगरी दाखवायला पाहुणे आणतात, त्यांपैकी. चांगला माणूस. त्याने दिलेला आकडा ऐकून सौ.ने वही मिटली. लाँच बागेत ठेवायची, आतून गाद्या, वरून दिवे, पाहुण्यांनी तीत बसून चहा घ्यायचा. मुलगा म्हणाला, “बाबा, निदान ती राहील तरी.” मी हॉटेलवाल्यांना विचारले, पावसाळ्यात शाकारणार का? पाण्यात कधी सोडणार? ते हसले. उन्हात कायमची उभी राहिलेली लाकडी होडी दोन-तीन उन्हाळ्यांत फाटते. सांधे उघडतात, वाती गळून पडतात, आणि मग तिच्यात चहाच घेता येतो. मी नाही म्हटले. घरात आठ दिवस शांतता होती. तसल्या शांततेला हँडल मारून उपयोग नसतो.

माझे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे टेकूंवर आहेत. तेव्हा मी मिस्त्रींच्या नातवाला बोलावले, आणि तो फायबर चढवा म्हणणार हे गृहीत धरून मनाची तयारी केली. त्याने खिशातला मोबाइल बाजूला ठेवला, मोगरी मागितली आणि सबंध लाँच ठोकून काढली. कान लावून. मग म्हणाला, “फायबर मी रोज लावतो. हिला नाय लावणार. आत पाणी अडकेल, वरनं चकचकीत आणि आतनं माती.” त्याने आजोबांची पेटी उघडली. छिन्नीच्या मुठी आजोबांच्या हाताने झिजलेल्या. त्याचा हात त्यांत बसत नव्हता, तो मोठा आहे. त्याने मुठी बदलल्या नाहीत. रविवारी रविवारी येऊन त्याने तीन वर्षांत फळ्या बसवल्या, नाळ जोडली आणि वाती घातल्या. पहिल्या वातींचा आवाज ऐकून त्याचा बाप ओट्यावरून “कमी, कमी!” असे ओरडत होता. हल्ली ओरडत नाही.

इंजिन धुऊन झाले आहे. अडचण एकच, रॉकेलची. ते मिळवणे हा आता इंजिन दुरुस्त करण्याहून अवघड उद्योग झाला आहे. पाच लिटर जमले आहे, कसे ते विचारू नये.

दसऱ्यानंतरच्या मोठ्या भरतीला चिमणी पाण्यात जाईल. चार वर्षे ती कोरडी आहे. पहिले दोन दिवस ती पाणी पिणार. हे नातीला समजावताना मला फार वेळ लागला. लाकडी होडी पाण्यात सोडली की फटींतून पाणी आत येते, घाबरायचे नसते, बुडू न देता उपसत राहायचे असते. फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना भिडतात, आणि तिसऱ्या दिवशी गळायची थांबते. “म्हणजे तिला तहान लागली आहे,” नात म्हणाली. पाखराचा संबंध तिने इथेच जोडला.

आता घरात वाद चालू आहे तो या दोन रात्री लाँचमध्ये कोण झोपणार याचा. मिस्त्रींच्या नातवाने पहिली रात्र घेतली आहे. दुसऱ्या रात्रीसाठी मी नाव दिले, तर तो म्हणाला, “तुम्ही नको मास्तर, नातीला धाडा, मी सोबत बापाला धाडतो.” नात दर दोन तासांनी घड्याळाचा गजर लावणार आहे. सौ. या चर्चेत पडलेली नाही. काल मात्र माळ्यावरून जुना ॲल्युमिनियमचा टोप खाली आलेला दिसला. पाणी उपसायला तो चांगला आहे. बुडाला एक भोक आहे, तेवढे दसऱ्याच्या आत बुजवून आणायला हवे.